मालवणे

सत्तावीस मिलिअँपिअर.
एवढंच द्यायचं त्याला, तेही दबकत.
मुगाच्या दाण्याएवढा लाल लेझर डायोड
लॅमिंग्टन रोडच्या मुर्तझाभाईंनी
पुडीत बांधून दिला, हिंगासारखा.
"आधीचे तीन कुठे गेले?"
मी सुटे पैसे मोजत राहिले.

आधीचे तीन काडेपेटीत आहेत.
मेलेला डायोड दिसतो जिवंतच, हे त्याचं वाईट.
वीज दिली की तांबूस उजळतो,
भिंतीपर्यंत पोचत नाही.
पहिला माझ्या नायलॉनच्या साडीने मारला,
दुसरा सैल वायरने,
तिसऱ्याच्या वेळी कपॅसिटर भरलेला होता
आणि मी विसरले होते.
आत भरलेलं असताना शांत दिसणं
या घरात आणखी एकाला जमतं,
त्याच्याबद्दल आज नाही.

माझगावची ही खोली. दहाला पाणी जातं,
साडेदहाला दिगंबर भिंतीकडे तोंड करून झोपतो.
उद्या भायखळ्याला, सातव्या मजल्यावर लाद्या.
पाण्याच्या नळीने लेव्हल धरायला दोघं लागतात
आणि दुसरा गावी गेलाय, येतो म्हणून.
म्हणून ही रेघ.

मनगटाला पट्टा, पट्ट्याची तार अर्थिंगला.
आरसा पालथा. मांडणीवरच्या स्टीलला जुनं लुगडं.
किरणाच्या वाटेत चकाकणारं काही नको,
म्हणून बांगड्याही.
"एक फुटली," मी म्हणाले.
सासूबाई पलंगावरून:
"फुटली म्हणूचा नाय गो. वाढली म्हणूचा."
शब्दांनाही रेझिस्टर लावून ठेवलेत यांनी,
एकदम करंट जाऊ नये म्हणून.

मोतीबिंदूचा काळा चष्मा शोधत होत्या.
मी म्हटलं, तो याला चालत नाही,
तुम्ही पाठ करून बसा, आणि मागे वळू नका.
बसल्या. हातात माझा रेझिस्टर, बल्बाखाली धरून:
"पिवळो. जांभळो. काळो."
सत्तेचाळीस ओहम.
ऑपरेशनआधी याच जांभळ्याला त्या तपकिरी म्हणायच्या
आणि मी दोनदा भांडले होते.

खऱ्याच्या जागी आधी तोतये बसवले,
तीन साधे काळे डायोड, रुपयाला एक.
मेले तर मेले.
मीटर म्हणाला, सव्वीस पूर्णांक सहा.
बंद केलं, पुन्हा चालू केलं. काटा उसळला नाही.
मग सगळं बंद,
कपॅसिटरचे पाय जोडून रिकामा केला,
इस्त्रीची पिन काढावी तशी सोल्डरिंगची पिन काढली,
गरम टोक गरम असेपर्यंत
खऱ्याला टाके घातले. श्वास नंतर घेतला.

दिवा चालूच ठेवला. अंधारात बाहुली मोठी होते,
जास्त आत घेते.
डायोडपुढे काचेची कांडी, सगळं पाटावर,
गुडघ्याच्याही खाली,
दारापासून उलट भिंतीकडे.
बटण.

रेघ आली.
कुणीही हात न धरता भिंतभर आली.
पाण्याच्या नळीशी जुळवून घेतली
आणि मग दिसलं:
खालच्या लाद्यांची पट्टी दारापासून निघते ती
मोरीपाशी अख्खं बोट उतरते.
लग्नाच्या वर्षी दिगंबरने स्वतः बसवलेली.
सोळा वर्षं पाहुण्यांना दाखवलेली.

"सरळ इली?" पाठमोऱ्या सासूबाई.
"आली."
"मग बघतंस काय इतक्या वेळ?"

मी बटण खाली केलं.
हिरवा छोटा दिवा लगेच जात नाही,
कपॅसिटरमधलं उरलेलं
सावकाश झिरपतं, तोवर हात लावायचा नाही.
दिगंबरची कूस बदलली. झोपेतच, की नाही, कोण जाणे:
"विझवलंस?"

"मालवला म्हण," सासूबाई म्हणाल्या,
या वेळी माझ्या भाषेत.

हिरवं अजून होतं थोडं.
मी अकरापर्यंत मोजलं.