निरभ्र

आभाळ निरभ्र असलं की बाकीचे लोक खूश होतात.
उगावात आम्ही गोवऱ्या मोजतो.
ढग नाही म्हणजे पांघरूण नाही.
मातीनं दिवसभर धरून ठेवलेली ऊब
सरळ वर निघून जाते.
चांदण्या जितक्या लख्ख,
तितका द्राक्षाच्या मण्यांना धोका.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, जानेवारीची चार तारीख.
थर्मामीटर मांडवाच्या तारेला टांगलाय.
दर अर्ध्या तासाला मी बॅटरी मारतो, वहीत लिहितो:
एक वाजता पाच पूर्णांक दोन.
दीडला चार नऊ.
बांधाच्या त्या टोकाला दादाची शेकोटी,
या टोकाला माझी.
मधे अकरा ओळी, वाटणीचा दगड
आणि दोन वर्षं.

जिवली भोये सुरगाण्याची. विरळणीला आली, राहिली.
पाचट जाळात सारत म्हणते,
"गुरुजी, हा चांद मुकादमासारखा. रोज उशिरा येतो."
मी म्हणतो, तो उशीर करत नाही, बाई.
आपण पृथ्वीसकट एक गिरकी घेऊन जागेवर येतो,
तोवर तो पुढे सरकलेला असतो.
त्याला गाठायला आपल्यालाच
आणखी पन्नासेक मिनिटं लागतात.
"म्हंजी पळणारा तो, दमणारे आपण."
तीस वर्षांत वर्गातून असं उत्तर आलं नव्हतं.

मग मी पायाशी पडलेला एक हिरवा मणी उचलतो.
जाळ म्हणजे सूर्य. माझं डोकं म्हणजे पृथ्वी.
मणी जाळाच्या बाजूला धरला:
माझ्याकडे त्याची काळी पाठ. अवस.
हळूहळू डावीकडे वळलो, कड उजळली,
चतकोर, अर्धा,
आणि जाळाकडे पाठ करून हात जरा उंच धरला
तर सगळाच उजळ.
(हात खाली आला, डोक्याची सावली पडली, की ग्रहण.)
त्याला कुणी कापत नाही, कुणी जोडत नाही.
अर्धा तो कायमच उजेडात असतो,
आपण कुठून बघतो, एवढंच.

जिवली मणी हातात घेऊन फिरते,
पाठ शेकत थांबते, हात वर.
"हितं पुनव," म्हणते. "हितं मी घरी."

दोन वाजता चार एक.
व्याध पश्चिमेला कलला.
ध्रुव मात्र दादाच्या पत्र्याच्या शेडवर,
क्षितिजापासून हात ताणून दोन मुठी,
नाशिकच्या वाट्याला तेवढीच उंची आलीय.
बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतंय असं वाटतं;
फिरतोय आपण,
या बांधासकट, किटलीसकट,
ताशी पंधराशे सत्तर किलोमीटर पूर्वेला.
चहा हिंदकळतसुद्धा नाही.

तीनला मघा डोक्यावर. दोन पूर्णांक सहा.

फळ्यावर मी दरवर्षी काढतो ती लंबगोल आकृती:
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात
पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ,
जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटरनं.
आणि थंडी ही अशी.
पोरं दरवर्षी विचारतात, "जवळ तर गरम का नाही, सर?"
खडू आडवा धरून मी आस तिरकी दाखवतो:
आपली बाजू सध्या तिकडून वळलेली आहे.
यात जवळ असण्याचा फारसा संबंध येत नाही.

"किती?"
अकरा ओळींपलीकडून आवाज.
मी आधी जिवलीकडे बघतो. ती जाळाकडे.
"दोन सहा!"
बराच वेळ काही नाही.
मग गोवऱ्यांची पाटी घेऊन एक सावली
दगड ओलांडून येते, बसते,
हात जाळावर धरते.

पाचला येवल्याच्या बाजूनं चंद्र वर आला,
नखाएवढा, खालच्या कडेला उजळ.
"काळा भागही दिसतोय रे," दादा म्हणाला.
तो उजेड आपला, मी म्हटलं.
पृथ्वीवरून तिकडे गेलेला, तिकडून परत आलेला.
"आपलाच?"
आपलाच.

एक पूर्णांक आठ.
सव्वापाचला लाईट आली.
ठिबक सुरू केलं,
आधी त्याच्या बाजूचं.