एकवीस अंश खाली

हेमराज झोपे. आडनावावर आधी हसून घ्या,
भुसावळात सगळ्यांचं हसून झालंय.
रात्री दोनला फोन करायचा हा माणूस,
म्हणायचा, ऑक्टोपॅड घेऊन ये,
आणि वाजवू नकोस.

सुरुवात पारोळ्याच्या हळदीत झाली.
डीजेचा जनरेटर बसला म्हणून आम्हाला बोलावणं.
गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला कीबोर्डला
आणि स्टाइल बदलली: बोसा नोव्हा दोन.
पोरं थांबली, पिवळे हात तसेच वर.
हाई काय वाजी ऱ्हायनं भो?
नवरदेवाचा मामा आमच्याकडे निघालेला,
हेमराजचं बोट बटणाशी,
तेवढ्यात बट्ट्या भाजणारी एक बाई
राखेचे हात पदराला पुसत आली
आणि एकटीच डुलायला लागली, पाऊल जरा उशिरा टाकत,
जसं काही टाकायचं की नाही अजून ठरायचंय.
वाजू दे आंडोर, म्हणाली.
ही चाल तिला कुठून ठाऊक, विचारायचं राहिलं.

मग लेकीच्या शाळेच्या नकाशात त्यानं बोट ठेवलं.
आपण विषुववृत्ताच्या एकवीस अंश वर,
तेवढंच खाली मोजत गेलं की ब्राझील.
तिथंही केळीच, म्हणाला.
फक्त आपण होरपळतो तेव्हा ते स्वेटर काढतात.
पासपोर्ट नव्हता. लोको शेडमधला फिटर,
रेल्वेचा पास होता, तो इटारसीपलीकडे गेला नव्हता.

रेकॉर्डिंग सावद्याला, भंगाळ्यांच्या रायपनिंग चेंबरमध्ये.
जाड भिंती, आत बाहेरचा कुत्रासुद्धा ऐकू येत नाही.
बाहेर सेहेचाळीस, आत सोळा,
वैशाखात आम्ही तिघं स्वेटर घालून:
हेमराज, मी, आणि बेसवर फैजपूरचा रमजान तडवी,
ज्याला सर्दी होती.
कॉम्प्रेसर कोमल गंधारावर गुणगुणायचा, थांबायचा नाही.
हेमराजनं तासभर ऐकलं
आणि आठही ट्रॅक त्याच्या सुरात बांधले.
यंत्राशी भांडून काय मिळणार, म्हणाला, फिटर ना तो.

शहर हवं यात, म्हणाला एकदा.
कुठलं?
कुठलंही. भुसावळहून गाड्या सगळ्या शहरांना जातात,
आपण नुसतं ते जाणं घ्यायचं.
मग रात्री यार्डात उभं राहून
शंटिंगचा डबा डब्याला भिडतो तो आवाज
मोबाइलवर घेऊन आला. तो तिसऱ्या ट्रॅकवर आहे,
बास ड्रमच्या जागी.
आणि हमाल घड मोजतात ते:
एक, दोन, आणि तीनच्या जागी नुसता उसासा.
तो उसासा मला वाजवायला लावला त्यानं. महिना गेला.
मी लग्नातला माणूस, माझे हात दोन
पण नऊ माणसांचं वाजवायची सवय.
कमी, म्हणायचा. अजून कमी.
अरे भो, आता उरलं काय?
हं, ते. तेच वाजव.

पेनड्राइव्हवर निघाला अल्बम. चाळीस काढले,
अकरा गेले. त्यातला एक जळगावच्या सराफानं नेला,
दुकानात लावतो, गिऱ्हाईक जास्त वेळ बसतं म्हणे.
मला ते लागलं. हेमराज म्हणाला,
बसतंय ना कुणीतरी?
दोन केळीच्या ट्रकांत दिल्लीकडे गेले,
त्यांची खबर नाही.

आठव्या ट्रॅकचं सांगतो.
दुसऱ्या मिनिटाला वीज गेली. कीबोर्ड बॅटरीवर होता,
पण कॉम्प्रेसर बंद. तो गंधार,
जो महिनाभर आमच्या कानामागे उभा होता,
निघून गेला.
हेमराजनं बोटं पट्ट्यांवर तशीच ठेवली, दाबली नाहीत.
माझी काठी वर. सम माझी होती.
क्रेटवर बसून तो माझ्याकडे बघत होता,
ये म्हणत नव्हता, नकोही म्हणत नव्हता.
मी नाही वाजवलं.

मग रमजान शिंकला.
तेही आहे त्यात.