दोनशे अकरा वेळा

नेरूळला चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या मशीनखोलीशेजारी,
आमचे पेशंट कपाटात ठेवलेले असतात.
साडेसातला तांडेलमामा किल्ली फिरवतात,
सिलिकॉनची कातडी ट्रेमध्ये पसरतात
आणि तिच्यावर पावडर भुरभुरतात,
न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी, घडीघडीत.
"नायतर चिकटतात एकमेकींना," म्हणतात.

रजिस्टरात त्यांचं तिरकं अक्षर:
कातडी तीन नग, फाटलेली.
पित्ताशय एक, भोक पडलेलं. डॉ. मृण्मयी.
ती मी.

पडद्यावर यकृत चकाकतं, नुकत्या पुसलेल्या फरशीसारखं.
हातात दोन लांब दांडे, आणि सगळं उलटं:
उजवीकडे जायचं तर हात डावीकडे,
वर जायचं तर खाली.
"सासरी राहायची सवय कर," परभणीच्या सीनियर ताई म्हणाल्या,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की पित्ताशयाला भोक पडलं.

रक्तस्राव एकशे चाळीस मिली. वेळ बावीस मिनिटं.
पेशंट दगावला.
पुन्हा सुरू करायचं?
होय.
मार्चमध्ये तो सव्वीस वेळा दगावला.
बाहेर बाकावर कुणी बसलेलं नव्हतं.
कुणाला काही सांगायला जावं लागलं नाही.

रविवारी तुर्भ्याला, शकूरभाईंच्या दुकानात.
"किती हात आतडं, डॉक्टर?"
दोन हात, म्हटलं.
कोपरापासून बोटापर्यंत मोजून त्यांनी ते पिशवीत टाकलं
आणि पिशवीचं तोंड एका हाताने बांधलं;
दुसऱ्या हातात सुरा होता.
चौरस, घट्ट, डोळ्याचं पातं लवायच्या आत.
मी महिनाभर जी गाठ शोधत होते, ती.
"परत करा ना," मी म्हणाले.
त्यांनी मला दहा रुपये परत केले.

मग ड्रॉवरच्या मुठीला, पंच्याच्या खुंटीला,
बसमध्ये माझ्याच सॅकच्या पट्ट्याला गाठी.
मुठीला दाढी आली.
रूममेटला महिनाभर तिचं तेल सापडलं नाही.
वाघुळदे मॅडम मागे उभ्या राहत, तोंडात लवंग:
"कोपरं खाली. पेशंटला घाई नाही, तुला कसली?"

मंगळवारी खरा आला.
दिघ्याचा, भाजी मार्केटात पाठीवर गोणी वाहणारा,
वय त्रेचाळीस, खडे सात.
मास्क तोंडावर यायच्या आधी मान वळवून म्हणाला,
"बाई, आधी केलंय ना तुम्ही हे?"
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
"दोनशे अकरा वेळा. आणि मॅडम सोबत आहेत."
खोटं नव्हतं.
"मग बरं," म्हणाला, आणि आकडे मोजायला लागला;
चारपर्यंत पोचला.

चादर सरकवली तेव्हा
बेंबीच्या घडीत पांढरी पावडर राहिलेली,
सकाळी कुणीतरी लावलेली.
बोळा घेतला. पुसली. जरा जास्तच हळू.

आत सगळं हलत होतं.
प्रत्येक श्वासाला यकृत खाली येई, वर जाई,
दाराशी घुटमळणाऱ्या माणसासारखं.
कपाटातलं कधी हललं नव्हतं.
मी थांबले. एक श्वास त्याचा जाऊ दिला,
मग दुसरा.
मॅडम काही बोलल्या नाहीत. लवंगेचा वास मात्र आला.

छप्पन्न मिनिटं लागली. गुण कुणी दिले नाहीत.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती,
पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत.
हातमोजे काढून
मी तिच्याकडे चालत गेले.
याचा सराव नव्हता.