पन्हळ

तीन दिवस पायाखालची मॅट पिळतेय.
चिपळूणला म्हणाले, काच बदला. अकरा हजार.

हर्णैचा मजीद सोलकर आधी वास घेतो
एसीच्या जाळीला नाक लावून.
"सुरूखाली लावता ना गाडी?"
वायपर काढतो, काचेखालची काळी पट्टी उचलतो.
आत सुरूच्या काड्यांचं गच्च घरटं,
वाळू, सुकटीचा एक काटा
आणि बेडूक, बिऱ्हाड थाटल्यासारखा.

सायकलची तार घालतो भोकात.
वरून तांब्याभर पाणी ओततो, कान देतो.
चाकामागे भळ्ळकन धार.
"काच शाबूत आहे, बाई. पन्हळ तुंबलेली."

रबराची कड चिकटवतो, बोटं लुंगीला पुसतो.
दीडशे.

बेडूक मी डब्यातून नेला, विहिरीपाशी सोडला.
रात्री गाडी पुन्हा सुरूखालीच.
आमच्या आळीत दुसरीकडे जागा कुठे आहे?