राक्षस पाहिलाच नाही

सावद्याच्या रायपनिंग चेंबरबाहेर
रात्रपाळीच्या लोखंडी खुर्चीत
मी तीन वर्षं तलवारवाला होतो.
आत अठरा अंशांवर कच्ची केळी झोपलेली,
बाहेर मे महिना, भिंतीला पाठ टेकवत नाही,
आणि मोबाइलमध्ये मी
दिसेल त्याच्यावर धावून जायचो.

मग दोंडाईच्याच्या हर्षालीची तलाठ्याची परीक्षा आली.
ती आमची हीलर.
म्हणाली, दोन महिने कोणीतरी माझी काठी धरा.
हितेंद्र ढालवाला, त्याला हलवता येत नाही.
गुवाहाटीचा पोरगा धनुष्य सोडेना.
तिसरा कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही,
तो बोलतच नाही.
उरलो मी.

नवं पात्र काढलं. पांढरा झगा, नाव टाकलं केळफूल.
पहिल्या रात्री पाच वेळा सगळे मेले.
मी राक्षसाकडे बघत होतो.
एवढे पंख, जबड्यातून ठिणग्या,
कोण बघणार नाही?

हेडफोनमधून हर्षाली, मागे पान उलटल्याचा आवाज:
"राक्षसकडे नको देखू रे भाऊ. त्यासनाकडे देख."

त्यांच्याकडे म्हणजे
स्क्रीनच्या डाव्या कडेला तीन हिरव्या रेघा,
करंगळीच्या नखाएवढ्या.
खाली माझी एक निळी.
ती म्हणाली, निळी म्हणजे घरातली टाकी,
आणि नळाला पाणी आठ दिवसांआड.
दोंडाईच्यात राहणाऱ्या मुलीला हे
कुणी शिकवावं लागत नाही.
ओरखडा दिसला की मलम घेऊन धावू नको.
भरल्या हंड्यात ओतलेलं अंगणात जातं.

मोठ्या मंत्राला अडीच सेकंद लागतात.
म्हणजे घाव बसायच्या अडीच सेकंद आधी
फुंकर घालायला सुरुवात करायची.
एवढं एक वाक्य बोटांत उतरायला
अकरा रात्री गेल्या.

"आणि दोन रेघा एकदम लाल झाल्या तर?"
"ढालवाला पहिला."
"आणि दुसरा?"
पान उलटायचं थांबलं.
"दुसरा मरी."

त्या न बोलणाऱ्याला मी असा सात वेळा मारला.
दरवेळी तो उठायचा,
अंगठा दाखवायचा,
परत आपल्या जागी जाऊन उभा.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा ऐन रंगात लाइट गेली.
जनरेटरला दोरी मारली, चेंबरचे काटे बघितले,
तीन नंबरचं दार दाबून लावलं,
परत येतो तर सगळे आडवे,
आणि हितेंद्र फैजपूरहून ओरडतोय,
"कुठी मेला हा हीलर?"
ऑइलचे हात पँटला पुसत म्हटलं, इथेच.

जूनमध्ये एका मंगळवारी
दुसऱ्या मजल्यावरचा तो पंखवाला पडला.
कुणी मेलं नाही.
कुणाची रेघ निम्म्याखाली गेली नाही.
हितेंद्र जांभई देत म्हणाला,
"आज तर लय सोपा होता यार."
गुवाहाटीचा हसला. अंगठा आला.
माझं नाव कुणी काढलं नाही,
आणि मी खुर्चीत एकटाच
उगाच पाय हलवत बसलो.
मग लक्षात आलं,
त्याचा रंग कोणता होता, मला सांगता येणार नाही.

परीक्षा कशी गेली ते हर्षालीने सांगितलं नाही.
पण परवा आली. काठी मागितली नाही.
पहिल्या पायरीचं नवं पात्र, हातात गंजकी तलवार,
आणि दार उघडताच, कुणाची वाट न बघता,
सरळ आत, ओरडत.
मी म्हटलं, अगं थांब, ढालवाला तरी
पण चौथी रेघ अजून हिरवीच होती
आणि माझं बोट
मोठ्या मंत्रावर टेकलेलं होतं आधीच.