झाकण

उद्यमनगरात रात्री अकराला भट्ट्या विझतात
आणि आमच्या माळ्यावरचा काटा
दोनशे तीसवरून हळूच दोनशे अठ्ठेचाळीसला चढतो.
खाली लेथ गप्प. मोल्डिंगची काळी वाळू
जिन्याच्या पायऱ्यांवर तशीच.
यंत्रं खरी तापतात ती आता,
पाहुणे गेल्यावर घरच्या माणसाला ताप भरावा तशी.

दस्तगीर मणेर डिमरस्टॅटचा कान पिरगाळतात.
दोनशे वीस. बस.
"रातची वीज माजोरी असती," म्हणतात,
आणि बिडी न पेटवता नुसती ओठात धरतात.
धूर पंख्याच्या जाळीवर बसतो,
म्हणून बत्तीस वर्षं तिथे बिडी पेटलेली नाही.

मी नवी होते तेव्हा, मे महिन्यात,
पत्रा इतका तापलेला की पाल भिंत सोडून गेलेली,
मला त्या जुन्या ऑसिलोस्कोपची दया आली.
चोवीस व्हॉल्व्ह, चोवीस कंदील,
वर्षानुवर्षं जागे.
मी चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं,
म्हटलं, घे बाबा श्वास.

तासाभरात करपल्याचा वास.

ते ओरडले नाहीत. झाकण लावलं,
कापसाचा एक पिंजर जाळीपाशी धरला.
कापूस आत ओढला गेला,
मागून गरम वारा माझ्या मनगटावर आला.
"वाऱ्याला वाट लागती, पोरी,
न्हाईतर आपली वाट लागती.
उघडं म्हंजे गार न्हवं."

मग कळत गेलं बाकीचं.
पायांखाली सागवानी ठोकळे, चार बोटं उंच.
एकाच्या डोक्यावर दुसरं ठेवायचं नाही,
जागा कितीही कमी असो.
ट्रान्सफॉर्मरला बोटाची मागची बाजू लावायची:
तीन सेकंद टिकली तर ठीक,
नाही टिकली तर काहीतरी सुकतंय आत.
आणि मांजर.
मांजर थंडीत बरोबर त्या भोकांवरच झोपते.

एक डबी मात्र उलट्या रीतीची.
काउंटरच्या पोटात, स्फटिकाची चकती,
सत्तर अंशांवर, रात्रंदिवस.
सगळ्यांना गार ठेवायचं
आणि हिला शेगडीशी बसलेल्या बाळंतिणीसारखं जपायचं,
कारण ती निवली की वेळ चुकवते.

मालकांचा भाचा बिल घेऊन वर आला.
रात्री बंद का करत नाही ही?
"चालताना मरत न्हाईत," दस्तगीर म्हणाले,
"उठताना मरतात."
भाच्याने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि गेला.

पुढच्या सोमवारी लाइनच्या कामासाठी वीज गेली.
सहा तास.
मी पहिल्यांदा त्या खोलीची शांतता ऐकली.
पत्रा आकसताना वाजतो हे मला माहीत नव्हतं.
लोखंड निवताना टिकटिकत होतं, आधी भराभर,
मग एकेक.
दस्तगीर हात मांडीवर ठेवून बसले होते,
घड्याळाकडे न बघता.

वीज आली तरी त्यांनी बटण दाबलं नाही.
साठ. थांब. नव्वद. थांब.
दोनशेपर्यंत यायला दिवस मावळला.
दोन व्हॉल्व्ह पेटलेच नाहीत.
स्फटिक तर चार दिवस खोटं बोलत होता,
अगदी थोडंसं, सातव्या आकड्यात,
आणि चार दिवस आम्ही एकही सर्टिफिकेट दिलं नाही.
शिरोलीहून फोन आला, चढ्या आवाजात:
सातव्या आकड्यानं कुणाचं काय अडतंय?
"अडतंय," एवढं म्हणून त्यांनी ठेवला.

आता ते जिना चढत नाहीत.
खालून हाक मारतात: किती?
मी वरून सांगते, दोनशे वीस.
डिसेंबर आहे. रात्रीचा एक.
ऑसिलोस्कोपवर मांजर पसरली आहे,
पोट नेमकं भोकांवर, मिशा हिरव्या उजेडात.
मी बोटाची मागची बाजू तिच्या पाठीला लावते,
एक, दोन, तीन,
मग उचलते.