आग्रेगादो

बोगोतातल्या चापिनेरोत, तिसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी आणि गुरुवारी मी भाषा शिकायला जातो
दोन्या उबाल्दिना किसेनो यांच्याकडे.
वय एकोणऐंशी. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली.
चूक झाली तर त्या रागावत नाहीत,
नुसतं पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवून थांबतात,
चूक स्वतःच ओशाळेपर्यंत.

आज त्यांनी माझं ओळखपत्र मागून घेतलं.
"यावरचाच एखादा शब्द घेऊ."
फोटोखाली छापलं होतं: आग्रेगादो.
मी पाठ केलेलं उत्तर दिलं.
वकिलातीतला अधिकारी, एका खात्यापुरता नेमलेला.
कोणी संस्कृतीचा, कोणी संरक्षणाचा, मी व्यापाराचा.
मूळ क्रियापद, जोडणे.
म्हणजे हा जोडलेला.

"बरोबर," त्या म्हणाल्या.
"माझे वडीलही आग्रेगादोच होते."
"कुठल्या देशात?" मी सावरून बसलो.
हसता हसता त्यांना ठसका लागला.

"सालामिनाच्या वर, दोन डोंगर सोडून.
दुसऱ्याच्या कॉफीच्या मळ्यात.
कडेला पत्र्याची खोली आमची.
मालकाच्या घराच्या किल्ल्या वडिलांच्या कमरेला,
पण त्या घराच्या ओसरीतल्या खुर्चीवर
ते जन्मात टेकले नाहीत.
कुत्री त्यांचं ऐकायची. खेचर ऐकायचं.
फळं जणू त्यांना विचारून लाल व्हायची.
कागद तेवढा ऐकत नव्हता.
रविवारी मालकाची जीप वळणावर दिसली
की त्यांची टोपी डोक्यावरून छातीशी यायची."

वहीत लिहिलं: अर्थ दुसरा, कूळ.
खोडलं.
सालदार.
तेही खोडलं.
मग कुठून तरी वर आला
शाळेतला इतिहासाचा पेपर,
मिरासदार आणि उपरी, फरक स्पष्ट करा, गुण पाच.
उपरी. जमीन कसतो, पण गावात त्याचं मूळ नाही.
तेव्हा मला पाचपैकी दोन मिळाले होते.
आज लिहिला आणि खाली रेघ मारली.

मला माझं घर आठवलं, म्हणजे सरकारने दिलेलं.
बारा चमचे, सहा खुर्च्या, टवका गेलेला एक दिवा,
सगळ्याची यादी, यादीखाली माझी सही,
तीन वर्षांनी मोजून परत.
समारंभात राजदूतांच्या अर्धं पाऊल मागे.
म्हणून मोडक्यातोडक्या भाषेत बोलून गेलो,
"मग आपण एकाच पंगतीतले."

पेन्सिल वहीवर टेकली.
बराच वेळ उचलली नाही.

"मळा विकला तेव्हा तीन दिवस मिळाले.
निघताना नव्या मालकाच्या माणसाने
फाटकापाशी आमची पेटी उघडायला लावली,
कॉफीचे दाणे लपवलेत का बघायला.
आईचे परकर एकेक झटकले, रस्त्यावर.
तुमच्या वकिलातीची थैली उघडतं का हो कोणी विमानतळावर?"

नाही. तिच्यावर मोहोर असते.
तसा करार आहे देशादेशांत.
हे वाक्य मला येत होतं, व्याकरणासकट.
म्हटलं नाही.

त्यांनी कॉफी ओतली. माझ्या कपात साखर जास्त पडली.
"आता स्त्रीलिंग करा."
"आग्रेगादा."
"छान. असतात ना बायका तुमच्यात? मग चालतो शब्द."
"तुमच्या आईला हाच म्हणायचे?"
"आई पहाटे तीनला उठून अकरा मजुरांचं रांधायची.
तिला म्हणायचे, आग्रेगादोची बायको."
जोडलेल्याला जोडलेली. हे मी मराठीत पुटपुटलो.
त्यांनी विचारलं नाही काय ते.

गृहपाठ दिलाय. दहा वाक्यं.
पाच तुमच्या अर्थाची, पाच आमच्या.
एकही वाक्य दोन्हीकडे चालता कामा नये.

रात्रीचे दीड. यादीतलं टेबल, यादीतली खुर्ची.
नऊ झाली.
दहाव्यात कोणीतरी दाराशी उभं आहे,
किल्ल्या परत करायला,
आणि मला कर्ता सापडत नाही.